टोपी

हरिपूरला पोचले तेव्हा मगदूम सर
पत्र्याच्या सावलीत शेंगा फोडत होते.
चार चित्रपट करून, पाचवा अर्ध्यात टाकून
हा माणूस एकोणीस वर्षं इथं संगमाच्या गावात,
कुणाचा फोन घेत नाही.
मी पत्र लिहिलं होतं. पत्र घेतात.

"ढेकळ्याचं तिसरं न्हवं?"
"हवालदार ढेकळे, भाग तीन," मी म्हणाले,
आणि माझ्याच आवाजात मला
कुणीतरी माप कापून देताना ऐकू आलं.

लॅपटॉप खाटेवर. ऊन नको म्हणून
सुनेनं खिडकीला चादर बांधली,
मध्ये भडंगाची ताटली ठेवून गेली.
सरांनी कानातलं यंत्र काढलं,
टरफलांच्या ढिगाशेजारी ठेवलं.
"आवाज नंतर. आधी बघू दे."

दोन तास बावीस मिनिटं.
माझे ढोल मुके. माझ्या थपडा मुक्या.
ज्या वाक्याला विट्याच्या थिएटरात
दोन खुर्च्या मोडल्या होत्या
तिथं ढेकळ्याचं तोंड नुसतं उघडलं, मिटलं,
हौदातल्या माशागत.
सर भडंग खात राहिले.
एकदाच हात थांबला:
कोर्टाच्या पायरीवर ती बाई पिशवीतून डबा काढते
आणि उघडत नाही, तिथं.
तो शॉट मी ठेवणार नव्हते.
कापायचा राहून गेला होता.

यंत्र कानात बसवत म्हणाले,
"टोपी किती वेळा काढतोय?"
सात.
"पयल्या भागात?"
एकदा.
"का काढली होती?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं.
शिट्ट्या, टी-शर्टांवर छापलेली टोपी,
मिरजेत एका पोरानं दंडावर गोंदवून घेतलेली,
टोपी निघाली नाही तर पैसे परत मागतील
असं वितरकानं लिहून पाठवलेलं.
पण ते असे बघत होते की खरं तेच बाहेर आलं:
मे महिना होता. तासगावच्या रस्त्यावर शूटिंग होतं.
नटाला घाम आला होता.

"मग आता," सर म्हणाले,
"घाम येत न्हाई त्याला?"

नंतर मला मागं घेऊन गेले.
जमिनीत एक तोंड, शहाबादी फरशीनं झाकलेलं.
हळदीचं पेव, वडलांच्या वेळचं,
पुरानंतर रिकामंच.
मला वाटलं, आता येणार वाक्य,
दुसऱ्या-तिसऱ्या भागांचं पेव फुटलंय वगैरे,
मी हसायची तयारीसुद्धा केली.
तसलं काही बोलले नाहीत.
सांगत राहिले की पेव उघडल्या उघडल्या उतरायचं नसतं,
दोरीनं कंदील सोडायचा,
तो विझला तर आत माल कितीही असो,
वर थांबायचं.
त्यांचा धाकटा चुलता थांबला नव्हता.

बास, एवढंच.
फरशीवरची माती पायानं सारखी केली
आणि म्हणाले, शेंगा घेऊन जा थोड्या,
यंदा बरं दाणं भरल्यात.

आष्ट्याच्या अलीकडं निर्मात्याचा फोन.
"काय म्हणाले म्हातारबुवा?
पोस्टरवर टाकायला एखादी ओळ?"
"म्हणाले, आता घाम येत नाही का त्याला."
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग: "हे चांगलं म्हणाले का वाईट?"

मी एसी बंद केला, काच खाली घेतली.
शेजारच्या सीटवर शेंगांची पिशवी,
तिच्यावर हार्डडिस्क, दोन्ही उन्हात.
चौकात एक होमगार्ड उभा होता,
टोपी डोक्यावर गच्च,
कानशिलावरून धार कॉलरमध्ये उतरत होती.
मी गाडी हळू केली, अगदीच हळू.
काढेल, असं वाटलं.
त्यानं वैतागून हात केला:
चला, चला पुढं.